एक इंग्रजी, दोन व्याकरणे : निजामी सरहद्दीची गोष्ट

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव. गेवराईच्या पश्चिमेस शेवगाव तालुका लागतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची शीव आहे. १९४८ पूर्वी ती दोन राजवटींची सरहद्द होती. शेवगाव इंग्रजी अमलातील अहमदनगर जिल्ह्यात, तलवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. घरची भाषा दोन्हीकडे मराठीच. इंग्रजी शिकायचे तर तेही दोन्हीकडे होते. निराळी होती ती इंग्रजी समजावून सांगणारी भाषा. हा धागा त्या फरकाविषयी.

आधी मुंबई इलाखा पाहू. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे मूळचे अमेरिकेतील वकील. इंग्लंडात यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी १७९५ साली ते पुस्तक लिहिले, तेही लॅटिनच्या वळणाचे. म्हणजे लॅटिनच्या मापाचा अंगरखा इंग्रजीला चढला आणि मग मराठीला! तो काखेत तंग होणारच. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्त्याला जुमानत नाही, ते पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. असे वाक्य उलगडायला कर्तरी, कर्मणि, भावे हे आपले ‘प्रयोग’च लागतात.

तरी विद्यार्थ्याला लाभ झाला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियाविशेषण ही परिभाषा तो मराठीच्या तासाला शिके आणि तीच इंग्रजीच्या तासाला कामी येई. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ आली. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वाक्ये फिरवीत तिच्यावर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या.

आता सरहद्दीच्या अलीकडे, तलवाड्याच्या बाजूस येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. प्राथमिक वर्गांत मराठीला जागा असे, पण वरच्या इयत्तांत उर्दूवाचून गत्यंतर नसे. उर्दू व्याकरणाची परिभाषा अरबीतून आलेली : नाम म्हणजे ‘इस्म’, क्रियापद म्हणजे ‘फेल’, कर्ता ‘फाइल’, कर्म ‘मफऊल’. ज्याच्या घरात उर्दूचा शब्द नाही, त्या कुणब्याच्या मुलाला आधी ही परकी परिभाषा पाठ करावी लागे आणि मग तिच्या आधारे दुसरी परकी भाषा. शेवगावकडच्या मुलाला एक पायरी, तलवाड्याच्या मुलाला दोन.

याचा दोष उर्दूला देणे अन्यायाचे ठरेल. मौलवी अब्दुल हक यांनी शिक्षण खात्यातील आपल्या सेवेचा मोठा काळ औरंगाबादेत घालवला. ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’चे कार्यालय त्यांनी तेथेच थाटले. त्यांच्या ‘कवाइद-ए-उर्दू’ची भूमिका अशी, की उर्दू ही हिंदुस्थानी मातीतील भाषा असल्याने तिला अरबी व्याकरणाच्या साच्यात कोंबू नये. दादोबांच्या व्याकरणापुढेही याच जातीचा पेच होता, केवळ साचा वेगळा. अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली निघाला, तोही औरंगाबादेहून. मराठवाड्याच्या भूमीवर इंग्रजी शिकवण्याची एवढी साधने तयार झाली. ती होती मात्र उर्दू जाणणाऱ्यांसाठी.

माझ्या मते उस्मानियाचा प्रयोग धाडसी होता. मुंबई विद्यापीठ इंग्रजीतून शिकवीत असताना तेथे विज्ञान आणि वैद्यक देशी भाषेतून शिकवले जात होते. अडचण इतकीच, की संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी होती. म्हणूनच अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या खासगी शाळांना महत्त्व आले. स्वामी रामानंद तीर्थ काही काळ तेथे मुख्याध्यापक होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. शेवगाव आणि गेवराई एका राज्यात आले. तलवाड्याच्या बाजूच्या वर्गांतही मग इंग्रजी वाक्यातला ‘इस्म’ मागे पडून ‘नाम’ आले.