न सांगण्याचा दंड

‘कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु तांबडें फुटेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यांत केवढा अनर्थ होऊं शकतो, याचा विचार त्या म्हणींत नाहीं. कारखान्यांतून विषारी द्रव्य सुटलें, किंवा जहाजांतून तेल समुद्रांत वाहूं लागलें, तर सांडण्याइतकीच हानि पुष्कळदां लपविण्यानें होते. म्हणून आधुनिक कायद्यानें ‘न सांगणें’ हा एक स्वतंत्र अपराध मानला. त्याच्या शिक्षेचा इतिहास मुख्यतः अमेरिकेंत घडला. पण त्याचा एक धागा आपल्या देशांतून गेलेला आहे.

ता. २८ जानेवारी १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील सँटा बार्बरा शहरासमोर समुद्रांतील एक तेलविहीर फुटली आणि मैलोगणती किनारा काळा झाला. लोकक्षोभ उसळला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा केला कीं, तेल सांडल्याचें कळतांच जहाजाच्या वा कारखान्याच्या प्रमुखानें तें ताबडतोब सरकारास कळविलें पाहिजे. न कळविल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९७२ सालीं हाच नियम इतर घातक द्रव्यांनाही लागू झाला.

पण येथें एक पेंच होता. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणासही भाग पाडूं नये, हें अमेरिकन राज्यघटनेचें तत्त्व आहे. मग ‘तुझा अपराध तूंच सांग, नाहीं तर तुरुंगांत जा’ असें कसें म्हणावें? कायदेकारांनीं तोड काढली. दिलेली वर्दी, आणि तिच्या आधारें मिळविलेली माहिती, फौजदारी खटल्यांत वर्दी देणाराविरुद्ध वापरावयाची नाहीं; मात्र खोटें सांगितल्यास हें अभय नाहीं. ज्यांनीं वर्ग चालविला आहे त्यांस यांतील शहाणपण सहज पटेल. शाई सांडल्याचें स्वतः येऊन सांगणाऱ्या मुलासही छडी आणि लपविणाऱ्यासही छडी, असा शिरस्ता पडला, तर पुढें कोणीच सांगावयास येत नाहीं.

हें अभय कोठवर चालावें, तें न्यायालयांस ठरवावें लागलें. ओक्लाहोमांतील एका तेलविहिरीच्या मालकानें तेल ओढ्यांत गेल्याची वर्दी दिली. तरी त्यास ५०० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं निर्णय दिला कीं, असा दिवाणी दंड ही फौजदारी शिक्षा नव्हे. सबब तेथें अभय नाहीं.

यानंतर आपल्या देशांतील ती काळरात्र आली. ता. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीं भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून मिथाइल आयसोसायनेट वायु सुटला. लोक वाट फुटेल तिकडे धांवले. वायु कोणता, त्यावर उपाय काय, हें रुग्णालयांतील डॉक्टरांसही वेळेवर कळलें नाहीं. तात्काळ मेलेल्यांची सरकारी संख्या २,२५९ होती. पुढें ऑगस्ट १९८५ मध्यें त्याच कंपनीच्या पश्चिम व्हर्जिनियांतील कारखान्यांतूनही विषारी वायु सुटला व शंभरांवर लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. तेव्हां अमेरिकेनें १९८६ सालीं नवा कायदा केला. आतां केवळ केंद्र सरकारासच नव्हे, तर गांवच्या व राज्याच्या आपत्ति-समितीसही ताबडतोब वर्दी देणें आवश्यक झालें. जाणूनबुजून न दिल्यास २५,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद; पुन्हां तोच अपराध केल्यास ५०,००० डॉलर व पांच वर्षें.

या अभयाची खरी कसोटी १९८९ सालीं लागली. ता. २४ मार्च रोजीं ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ हें जहाज अलास्कांत खडकावर चढलें व सुमारें १ कोटि १० लक्ष गॅलन तेल समुद्रांत गेलें. कप्तानानें बिनतारी यंत्रावरून वर्दी दिली. पुढें निष्काळजीपणानें तेल सांडल्याबद्दल तो दोषी ठरला. पण १९९२ सालीं अपील न्यायालयानें, वर्दीच्या अभयाचा आधार घेऊन, ती शिक्षा रद्द केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं हा निर्णय फिरविला: एवढें मोठें जहाज खडकावर अडकलेलें सरकारास वर्दीवांचूनही कळलेंच असतें! मध्यंतरीं १९९० च्या कायद्यानें तेलाची वर्दी न देण्याची कैद पांच वर्षांपर्यंत वाढविली आणि अभय फक्त व्यक्तींपुरतें ठेवलें. कंपन्यांस तें उरलें नाहीं.

आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमानें अशी वर्दी तत्काळ देणें बंधनकारक केलें. त्या कायद्याच्या भंगास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. २०२३ सालच्या दुरुस्तीनें कैदेच्या जागीं १०,००० ते १५ लक्ष रुपयांचा दंड आला. सांगणारास मात्र आपल्या नवव्या कलमांत अभय पूर्वीं नव्हतें आणि आजही नाहीं.

तारापूर, महाड, लोटे येथील कारखान्यांच्या छायेंत राहणाऱ्या कुटुंबांस हा केवळ वकिलांचा वाद नव्हे. वारा कोणीकडे वाहतो आहे व त्यांत काय मिसळलें आहे, हें घटकाभर आधीं कळणें यावर त्यांचे प्राण अवलंबून आहेत. भीति आणि अभय या दोहोंच्या जोडीनेंच माणूस वेळेवर बोलता होतो, एवढें या अर्धशतकाच्या इतिहासानें शिकविलें आहे. आपल्या कायद्यांत भीति कमी झाली आहे. अभय अद्याप यावयाचें आहे.