माळवदी वाड्यांचे माळे व त्यांवरील दफ्तरें

धाराशीव जिल्ह्यांत जुना वाडा म्हटला कीं त्याच्या माळ्याविषयीं कांहीं तरी गूढ गोष्ट ऐकूं यावयाचीच. कोणी म्हणतो वर धन आहे, कोणी म्हणतो धनावर नाग आहे, कोणी म्हणतो आजोबांच्या वेळेपासून त्या झांकणास कोणाचा हात लागलेला नाहीं. धनाची गोष्ट बहुधा पोकळ असते. ज्यांस धन लपवावयाचें होतें ते तें जमिनींत पुरीत, डोक्यावर ठेवीत नसत. नागाची गोष्ट मात्र अगदींच टाकाऊ नव्हे. धान्य तेथें उंदीर, व उंदीर तेथें साप, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. माळ्यावर खरोखर जें असतें तें म्हणजे धुरानें काळवंडलेल्या रुमालांत बांधलेले कागद. हे कागद वर कां गेले, कसे राहिले व आतां कसे नाहींसे होत आहेत, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम घराची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. माळवद म्हणजे मातीचें सपाट छप्पर. कानडींत ‘माळिगे’ हा शब्द छपरास व वरच्या मजल्यास लावतात. कर्नाटकाची सीमा येथून जवळ असल्यामुळें आपल्या ‘माळा’ व ‘माळवद’ या शब्दांचें त्याशीं नातें असावें असें वाटतें. त्यासाठीं संस्कृत ‘माला’ शब्दाकडे धांवण्याचें कारण दिसत नाहीं. लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या, आणि त्यांवर चिखलाचा व पांढऱ्या मातीचा दीड-दोन फूट जाडीचा थर, असें हें छप्पर असतें. भिंती दगडाच्या, पण जोडकाम मातीचें. पाऊस बेताचा म्हणून हें छप्पर टिकतें. कोंकणांत तें एक पावसाळाहि काढणार नाहीं. उजेडासाठीं व धूर जाण्यासाठीं छपरांत भोंक ठेवतात, त्यास सवणें म्हणतात. ही पांढरी माती पुष्कळदां जुन्या वसतीच्या टेकाडांतून आणीत. तेर येथील टेकाडें अशाच कामीं खणलीं गेलीं, व त्या खणण्यांत मणी, नाणीं, मातीचीं चित्रें बाहेर आलीं. पेरिप्लसकारानें उल्लेखिलेलें तगर नगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं 1901 सालीं दाखविलें. तेव्हां त्या बाजूच्या एखाद्या माळवदाच्या मातींत सातवाहनकालीन मणी सांपडला, तर तो मालकाच्या पूर्वजांचा समजूं नये, एवढें सांगून पुढें जाऊं.

माजघर किंवा स्वयंपाकघर यांवर माळवदाच्या खालीं अर्ध्या उंचीची फळ्यांची जमीन घालून माळा करीत. चुलीचा धूर नित्य लागल्यानें तेथील वस्तू काळ्या पडतात, परंतु कसर व वाळवी त्यांकडे सहसा फिरकत नाहीं. रुमालांत वेखंडाचे तुकडे व लिंबाचा पाला घालण्याचीहि चाल होती. जुन्नरी व दौलताबादी हातकागद टिकाऊ, शाई काजळीची. तिला पाण्याखेरीज शत्रु नाहीं.

आतां हे कागद खासगी घराच्या माळ्यावर कां? याचें उत्तर वतनसंस्थेंत आहे. गांवचा हिशेब कुळकर्ण्यानें लिहावा, परगण्याचा देशपांड्यानें लिहावा, आणि तें काम वंशपरंपरेचें. सबब दफ्तरहि त्यांच्या घरीं. सरकारी कचेरी म्हणून निराळी इमारत गांवांत नसे. कोणतें शेत कोणाचें, विहीर कोणी बांधली, बलुतेदारांचा हक्क किती, पड जमीन किती, याचा लेखी पुरावा कुळकर्ण्याच्या माजघरावर असे. ज्यास आपण आज घरगुती अडगळ म्हणतों ती एके काळीं गांवाची सार्वजनिक कचेरी होती. हैदराबाद संस्थानांत पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरींत 1865 सालीं जिलाबंदी झाली. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचें काम जाऊन त्यांस रुसूम तेवढी राहिली. काम गेलें, कागद राहिले, व ते माळ्यावर चढले. पटवाऱ्याकडील गांवचे कागद कांहीं काळ चालत राहिले, पण पुढें त्यांचीहि तीच वाट झाली. 1949 सालीं जहागिरी रद्द झाल्या, त्यानंतर इनामांचा कायदा आला, आणि माळ्यावरून कागद खालीं काढण्याचें शेवटचें कारणहि संपलें.

या जिल्ह्याचे कागद विशेष मिश्र असतात, त्याचें कारण येथील राज्यक्रांति. अहमदनगर 1600 सालीं पडल्यावर मलिकंबरानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास परंड्याच्या किल्ल्यांत गादीवर ठेविलें. पुढें आदिलशाही, मग मोगल, मग आसफजाही. नळदुर्गाकडील मुलूख 1853 च्या तहानें इंग्रजांकडे गेला, तेथें मेडोज टेलर हा अंमलदार होता, आणि 1860 सालीं तो मुलूख निजामास परत मिळाला. प्रत्येक नव्या अंमलदारापुढें वतनदारानें मागील सनदा मांडावयाच्या व नवीन सनद करून घ्यावयाची. त्यामुळें एकाच घराच्या पेटींत चार राजवटींचे शिक्के एकावर एक सांपडणें येथें अगदीं स्वाभाविक आहे.

परंडें तालुक्यांतील एका कुळकर्णी घराण्याचा माळा धन्याच्या अनुज्ञेनें पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. घराण्याचें नांव त्यांच्या इच्छेवरून देत नाहीं. माजघराच्या कोंपऱ्यांतील शिडी चढून झांकण वर लोटलें म्हणजे आंत उभें राहतां येत नाहीं. ओणव्यानें सरकावें लागतें. झांकणाजवळ, हात पोंचेल अशा ठिकाणीं, एक लहान पेटी. तींत वतनाचे कागद. तिच्यापलीकडे कर्जरोखे व पावत्या. त्यांच्या पलीकडे भिंतीच्या कडेस गांवच्या हिशेबांचे रुमाल, आणि अगदीं दूरच्या कोंपऱ्यांत जीर्ण पोथ्या, पंचांगें व एक मोडका पाळणा. घरच्या तरुण मंडळींचा विचार हें सारें एकदम अंगणांत आणून उन्हांत पसरावयाचा होता. तें थांबवून आधीं कोणता रुमाल कोठें आहे याचा नकाशा काढला. ही सूक्ष्मता कित्येकांस अनावश्यक वाटेल. परंतु कागदाची जागा हा त्याच्याविषयींचा पहिला पुरावा होय. तंटा उपस्थित झाला कीं वतनाचे कागद खालीं काढावे लागत, म्हणून ते झांकणाजवळ. गांवचे हिशेब कोणी मागेनासें झालें, म्हणून ते दूर. घराण्याच्या दृष्टीनें मोल कशाचें, हें या क्रमावरून कळतें. इतिहासाच्या दृष्टीनें हा क्रम नेमका उलटा लावावा लागतो. वतनाच्या पेटींतून एका घराण्याची कैफियत निघेल. हिशेबांच्या रुमालांतून एखाद्या दुष्काळानंतर किती कुळें परागंदा झालीं, किती शेतें पड राहिलीं व तीं पुन्हां लागवडीस येण्यास किती वर्षें गेलीं, हें सबंध गांवाचें वृत्त निघतें.

वाचणारास पहिली अडचण मोडीची, दुसरी कालगणनेची. मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावानें येते. कालगणनेंत शक सरळ आहे, 78 मिळवावे. दक्षिणेंतील फसलींत 590 किंवा 591 मिळवावे. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात व तेथें नवशिका अडतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून 1161. हें वर्ष मृगापासून सुरू होतें. मृगापासून डिसेंबरअखेर 599 व पुढें 600 मिळवावे. 1161 च्या उत्तरार्धांत 600 मिळवले कीं 1761 येतें, आणि पानिपतचा संग्राम त्या सालच्या जानेवारींत झालेला असल्यामुळें रीत बरोबर असल्याचा पडताळा तेथल्या तेथें मिळतो. कै. राजवाडे यांनीं 1898 सालीं प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडांत पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत. तीं वाई येथें खासगी घरांतच सांपडलीं होतीं, हेंहि येथें स्मरण्याजोगें आहे.

माळ्यावर मिळाला म्हणून कागद खरा, असें मात्र समजूं नये. वतनाच्या भांडणांत बनावट महजर सर्रास होत, आणि बनावट कागदहि माळ्यावर तितकाच काळा पडतो. मोडी कागदांत ‘छ’ या खुणेनें मुसलमानी महिन्याचा चंद्र देतात व पुष्कळदां तिथीहि देतात. चंद्रदर्शन बहुधा शुद्ध द्वितीयेस, म्हणून चंद्र बारावा असतां तिथि त्रयोदशीच्या आसपास यावी. ती नवमी किंवा वद्य पंचमी आली तर कागद करणारानें पंचांग पाहिलें नव्हतें, हें उघड होय.

सर्वच लेखी ठेवा माळ्यावर जातो असेंहि नाहीं. याच तालुक्यांत सीनेच्या कांठीं डोमगांव येथें समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. तेथील कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत मठांत पूज्य मानून जतन केलेली राहिली, व तिच्या आधारें धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनीं 1905 सालीं ग्रंथ छापला. ज्यास कोणी नमस्कार करतो तें खालीं देवाजवळ राहतें. गांवच्या हिशेबास कोणी नमस्कार केला नाहीं.

आतां नाशाविषयीं. 1947-48 च्या रझाकारी धामधुमींत सरहद्दीवरील कित्येक कुटुंबें घरें टाकून सोलापूर-बार्शीकडे गेलीं. मागें राहिलेल्या वाड्यांची काय गत झाली असेल ती कल्पनेनें जाणावी. परंतु सर्वांत मोठा आघात 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहांटे झाला. अनंतचतुर्दशीचे गणपति बोळवून लोक निजले होते. किल्लारीच्या भूकंपानें लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या उमरगें तालुक्यांतील सास्तूर (आतां लोहारें तालुक्यांत) वगैरे गांवें जमीनदोस्त केलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या व माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली. हजारों माणसें गेलीं, तेथें कागदांचा शोक करणें शोभत नाहीं. पण त्या ढिगाऱ्यांबरोबर गांवचीं दफ्तरेंहि गेलीं, ही गोष्ट नमूद झाली पाहिजे. नव्या गांवठाणांतील घरांना माळा नाहीं, व असण्याची गरजहि नाहीं. जेथें भूकंपानें नुकसान झालें नाहीं तेथेंहि लोकांनीं भयानें मातीचीं छपरें उतरवून पत्रे घातले. त्यांना दोष देतां येत नाहीं. मातीच्या छपराखालीं पुन्हां निजा, असें त्यांस कोणत्या तोंडानें सांगावें?

छपरें उतरविण्याचें हें काम अद्याप चालू आहे. गवंडी येण्यापूर्वीं एक दिवस कोणी माळ्यावर चढून रुमाल मोजले व त्यांची जागा टिपून घेतली, तरी पुष्कळ साधेल. वाचन मागाहून होऊं शकतें. वर सांगितलेल्या माळ्यावरील रुमालांपैकीं वतनाची पेटी व हिशेबांचे कांहीं रुमाल वाचून झाले आहेत. दूरच्या कोंपऱ्यांतील पोथ्यांची यादी व्हावयाची आहे. ती झाल्यावर स्वतंत्रपणें देण्याचा विचार आहे.