क्रीडामंडळांच्या छतावरची वीज : फ्रायबुर्ग आणि जर्मन परंपरा

जर्मनीतील गावोगावची क्रीडाव्यवस्था ज्या संस्थेवर उभी आहे, तिला तेथे ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत सभासद-मंडळ असे नाव असून, 1900 साली अंमलात आलेल्या नागरी संहितेनुसार किमान सात सभासद एकत्र आले की असे मंडळ नोंदवता येते. जर्मन ऑलिंपिक क्रीडा महासंघाच्या छत्राखाली आज अशी सुमारे 86 हजार क्रीडामंडळे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा कारभार वर्गणी, देणग्या व बिनपगारी कार्यकर्त्यांचे श्रम यांवर चालतो. अशा मंडळाच्या जमाखर्चात वीजबिल हा नेहमीच बोचणारा आकडा राहिला आहे, कारण प्रशिक्षक विनामोबदला शिकवू शकतो, मैदानाची निगा सभासद आपसांत वाटून घेऊ शकतात, परंतु दिव्यांची आणि न्हाणीघरातील गरम पाण्याची किंमत रोख मोजण्यावाचून गत्यंतर नसते. हे बिल कमी करण्यासाठी छतावर सौरऊर्जा आणण्याची कल्पना येथे कशी रुजली, याचा मागोवा घेताना दक्षिण-पश्चिम जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरापासून आरंभ करणे योग्य ठरते.

फ्रायबुर्गच्या वायव्येस, ऱ्हाइन नदीकाठच्या व्यूल या गावी अणुवीज केंद्र उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शीतकरण मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने परिसराचे हवामान बदलेल आणि द्राक्षमळ्यांची हानी होईल, या भीतीने शेतकरी, विद्यार्थी व नगरवासी एकवटले. फेब्रुवारी 1975 मध्ये आंदोलकांनी नियोजित जागेचा ताबा घेतला, पोलिसांनी त्यांना हुसकावल्यावर काही दिवसांतच हजारोंच्या संख्येने ते परतले, आणि अखेर ते केंद्र कधीच उभे राहिले नाही. अणुवीज नको तर वीज कोठून आणायची, हा प्रश्न मात्र या विजयानंतर आंदोलकांच्याच पदरी आला. त्याच्या उत्तराचा शोध शहरात अनेक अंगांनी सुरू झाला : 1981 मध्ये आडोल्फ गोत्सबेर्गर यांच्या पुढाकाराने सौरऊर्जेला वाहिलेली फ्राउनहोफर संशोधन संस्था येथे स्थापन झाली, आणि 1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर नगरपरिषदेने अणुऊर्जेपासून दूर जाणारे ऊर्जाधोरण स्वीकारले.

1904 मध्ये स्थापन झालेले एस. सी. फ्रायबुर्ग हे शहरातील फुटबॉल मंडळ याच वातावरणात वाढले आणि 1993 मध्ये प्रथमच देशाच्या सर्वोच्च साखळीत दाखल झाले. ड्रायसाम नदीकाठच्या त्याच्या क्रीडांगणात प्रेक्षक-सज्जांचा विस्तार होत असताना, 1990 च्या दशकाच्या मध्यास, त्यांच्या छपरांवर सौरपॅनेल बसवण्यात आली आणि या कामासाठी समर्थकांनी प्रकल्पातील वाटे विकत घेऊन भांडवल पुरवले. ही घटना तत्कालीन अर्थकारणाच्या विरुद्ध जाणारी होती. 1 जानेवारी 1991 पासून लागू झालेल्या कायद्याने वीज कंपन्यांवर सौर व पवन वीज विकत घेण्याचे बंधन घातले होते. परंतु त्यासाठी मिळणारा दर किरकोळ विक्रीच्या सरासरी दराच्या 90 टक्क्यांशी बांधलेला होता, आणि सौरवीज निर्माण करण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. त्यामुळे या पहिल्या पिढीतील वाटेदारांनी नफ्यावर डोळा ठेवून पैसे गुंतवले, असे म्हणता येत नाही. आपल्या मंडळाच्या छतावर आपल्या विचाराची खूण असावी, ही निष्ठा त्यामागे होती.

निष्ठेवर एखादे क्रीडांगण उजळते, हजारो मंडळे नव्हे. त्यांच्यासाठी हिशेब जुळावा लागतो. तो 1 एप्रिल 2000 पासून अंमलात आलेल्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने जुळवून दिला. या कायद्याने सौरविजेला प्रतियुनिट 99 फेनिग, म्हणजे घरगुती विजेच्या तत्कालीन दराच्या तिपटीहून अधिक भाव ठरवला आणि एकदा जोडलेल्या प्रकल्पाला तो 20 वर्षे कायम राहील, अशी हमी दिली. क्रीडामंडळाच्या दृष्टीने भावापेक्षाही ही हमी मोलाची होती. काही वर्षांसाठी निवडून आलेल्या कार्यकारिणीला पुढच्या कार्यकारिण्यांवर कर्जाचे ओझे टाकताना संकोच वाटणे स्वाभाविक असते. पण येणारी रक्कम कायद्यानेच निश्चित झाल्यावर कर्जाचे हप्ते आणि उत्पन्न यांचा ताळा वार्षिक सभेपुढे मांडणे शक्य झाले. या काळात मंडळे छतावरची सगळी वीज जाळ्यात, म्हणजे वीज वितरणाच्या सार्वजनिक यंत्रणेत सोडत आणि स्वतःची गरज नेहमीच्या दराने विकत घेत. बिल तेवढेच येई, ते भागवण्यास उत्पन्नाचा आधार मिळे. मात्र पालिकेच्या मालकीची व्यायामशाळा वापरणाऱ्या मंडळांना छतच स्वतःचे नसल्याने आधी भाडेकराराची वाट काढावी लागे.

पॅनेल स्वस्त होत गेली तसा नव्या प्रकल्पांचा हमीभाव सरकारने उतरवत नेला, आणि 2012 च्या सुमारास तो घरगुती वीजदराच्याही खाली आला. वीज विकण्यापेक्षा स्वतः वापरणे आता अधिक फायद्याचे ठरले. परंतु येथेच क्रीडामंडळांची जुनी अडचण पुढे आली. फ्रायबुर्गच्या परिसरात एक किलोवॉट क्षमतेची पॅनेल वर्षाला साधारण 1,000 युनिट वीज देतात, पण त्यातील मोठा भाग उन्हाळ्यातील दुपारी मिळतो, तर सराव भरतो नोकरी-शाळा आटोपल्यावर, संध्याकाळी, आणि दिव्यांची खरी गरज असते हिवाळ्यात. मैदानावर पूर्वी सर्रास वापरले जाणारे मेटल हॅलाइड दिवे प्रत्येकी सुमारे 2,000 वॉटचे असत. असे आठ दिवे तासाभरात 16 युनिट वीज खात. शिवाय हा दिवा पूर्ण तेजाने पेटण्यास काही मिनिटे लागतात आणि तापलेला असताना विझवला तर निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणून दोन संघांच्या सरावांमधल्या रिकाम्या वेळातही तो जळतच ठेवावा लागे. त्यामुळे बिल कमी करण्याच्या वाटेवर पॅनेलइतकेच महत्त्व एलईडी दिव्यांना आले, कारण ते तत्काळ लागतात, सरावापुरते मंदही करता येतात आणि मुळातच कमी वीज घेतात. त्यापाठोपाठ दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवणाऱ्या बॅटऱ्या आल्या. 2022 मधील ऊर्जासंकटात दर भडकल्यावर या उपायांची निकड आणखी जाणवली, आणि 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक हिताच्या कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींवरील लहान सौरप्रकल्पांच्या खरेदीवरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला गेला. फ्रायबुर्गच्या मंडळाने 2021 मध्ये नव्या क्रीडांगणात स्थलांतर केले, त्याच्या छतावरील सौरप्रकल्पाची क्षमता सुमारे 2.4 मेगावॉट आहे.

महाराष्ट्रात हा प्रवास वेगळ्या नियमांच्या आधारे सुरू झाला. राज्य वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये नेट मीटरिंगचे, म्हणजे जाळ्यात सोडलेली युनिटे वापरलेल्या युनिटांतून वजा करण्याचे विनियम केले. 1933 मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या सभासद-संस्थेच्या मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियमवर 2019 मध्ये 820.8 किलोवॉट क्षमतेचा प्रकल्प पूर्ण झाला, आणि त्यामुळे विजेवरील खर्चात सुमारे एक चतुर्थांश बचत होईल, असे तो उभारणाऱ्या कंपनीने जाहीर केले. ही संपन्न संस्था आहे. तालमी, व्यायामशाळा आणि कबड्डी-खोखोची मंडळे यांच्याजवळ तसे भांडवल नाही. परंतु संध्याकाळी भरणाऱ्या सरावाला दुपारच्या उन्हाचा लाभ मिळवून देणारी वजावटीची पद्धत अशा मंडळांना अधिकच उपयोगी आहे, आणि ऊन तर फ्रायबुर्गपेक्षा येथे पुष्कळ जास्त आहे. जर्मन मंडळांचा इतिहास दाखवतो की सौरऊर्जा सामान्य क्रीडामंडळापर्यंत पोहोचली, ती छतावरचा हक्क स्पष्ट झाल्यावर आणि पुढील कित्येक वर्षांचा हिशेब कायद्याने स्थिर केल्यावर. पॅनेल आज कोणालाही विकत मिळतात. ही स्थिरता लहान मंडळांना मिळवून देणे हे धोरणकर्त्यांचे कर्तव्य आहे, आणि तिचा आग्रह धरणे हे सभासदांचे.