दोन प्रतींची चिठ्ठी : ठाणे-कल्याण पट्ट्यातील एडीएचडीचे औषध

ठाण्यात मानसोपचार आला तो मोठ्यांसाठी, आणि तोही भिंतीआड. १९०१ मध्ये सुरू झालेले वेड्यांचे इस्पितळ पुढे नरोत्तमदास माधवदास मेंटल हॉस्पिटल या नावाने ओळखले गेले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते आणि मंजूर खाटा आहेत १,८५०. १९१२ च्या कायद्यानुसार दाखल होण्यासाठी बहुधा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. वर्गात एका जागी न बसणारे, दप्तर विसरणारे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणारे मूल या व्यवस्थेच्या लेखी रुग्णच नव्हते. अशा मुलाला मस्तीखोर म्हणत, आणि त्यावरचा उपाय मास्तरांच्या हाती असे.

त्याच सुमारास, मार्च १९०२ मध्ये, जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांची वर्णने मांडली होती. औषधाचा शोध मात्र अपघाताने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांचे रुग्णालय चालवत. तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीवर म्हणून त्यांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. हे निरीक्षण त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९४४ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले आणि पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून ते ‘रिटालिन’ झाले. १९५४ पासून ते युरोपात विकले जाऊ लागले. विकाराचे नाव मात्र बराच काळ स्थिरावले नाही. अमेरिकी वर्गीकरणात १९६८ साली तो बालपणीची अतिचंचलता म्हणून नोंदला गेला, १९८० साली अवधानाची उणीव म्हणून, आणि १९८७ पासून एडीएचडी हे नाव चालू आहे.

ठाण्या-कल्याणात हे औषध कसे मिळाले, किंवा कसे मिळाले नाही, हे ठरवले कायद्याने. डॉक्टरांचे ज्ञान त्यानंतरचे. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक असल्याने १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ते मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या दुसऱ्या, म्हणजे बऱ्याच कडक, यादीत गेले. भारत १९७५ मध्ये या करारात सामील झाला. १९८२ मध्ये औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांना ‘शेड्यूल एक्स’ जोडले गेले आणि मिथाइलफेनिडेट त्यात आले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही ते आहे. योगायोग असा की ठाणे महानगरपालिका १९८२ ची आणि कल्याणची १९८३ ची. नोकरदार कुटुंबांनी ही शहरे भरत होती, त्याच काळात त्यांच्या मुलांना पुढे लागणारे औषध कुलपात जात होते.

‘कुलपात’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. शेड्यूल एक्सचे औषध विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. माल त्याच कामासाठी राखलेल्या कपाटात किंवा खणात कुलूपबंद ठेवावा लागतो. प्रत्येक विक्री पृष्ठक्रमांक घातलेल्या, बांधीव वहीत चढते, आणि प्रत्येक औषधाला वेगळी पाने. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी. त्यांतली एक दुकानदार दोन वर्षे सांभाळतो. वेष्टनावर लाल अक्षरांत ‘एक्सआरएक्स’ अशी खूण असते. त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही, जोवर डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिलेले नाही. रुग्णाच्या बाजूलाही मर्यादा आहे: स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी साधारण १०० मात्रा जवळ ठेवता येतात, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी खास लिहून दिल्यास ३०० पर्यंत. गल्लीतल्या मेडिकलच्या मालकाने महिन्याला चार-दोन पट्ट्यांसाठी एवढे लचांड का अंगावर घ्यावे, याला व्यवहारी उत्तर नाही. म्हणून मिथाइलफेनिडेटच्या ॲडवाइझ किंवा इन्स्पायरल या नावांची चिठ्ठी घेऊन निघालेल्या पालकाला मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या किंवा असा परवाना असलेल्या मोजक्या दुकानांपर्यंत जावेच लागते.

निदानाची सोय आधी मुंबईत झाली. टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे बाल-मार्गदर्शन केंद्र १९३७ चे, देशातले पहिले म्हणून ओळखले जाणारे. ठाण्यात मानसिक आरोग्य भिंतीबाहेर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेला जाते. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक एका छपराखाली बसतात आणि मध्यमवर्गीय माणूस न लाजता जिना चढतो, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती. पुढच्या दोन दशकांत नौपाडा, पाचपाखाडी, डोंबिवली पूर्व आणि कल्याण पश्चिम या भागांत खासगी मानसोपचार दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागल्या.

सरकारी व्यवस्था या काळात नव्हती असे नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि १९९२ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर. पण पालिका रुग्णालयांचा दिवस ताप, बाळंतपणे आणि अपघात यांत जातो, आणि ‘मनोरुग्णालय’ ही पाटी ओलांडून दुसरीतल्या मुलाला नेण्याची पालकांची तयारी नसते. १९९६ पासून महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. त्यांच्या प्रमाणपत्रासाठी या पट्ट्यातील पालक मुंबईच्या शीव, नायर, केईएम या रुग्णालयांकडे वळले. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत एडीएचडीही वारंवार सापडतो. त्यातून एक विचित्र विभागणी झाली: कागद सरकारी रुग्णालयाचा, गोळी खासगी डॉक्टरांची.

खासगी उपचारातला खरा भाग म्हणजे मात्रा जुळवणे. मिथाइलफेनिडेटची मात्रा केवळ वजनावरून ठरत नाही. साधारणतः ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवत नेतात आणि दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. प्रत्येक टप्प्यावर भूक, झोप, नाडी, रक्तदाब पाहायचा. उंची-वजनाची नोंद ठेवायची. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, आणि इथे शहराची घडी आड येते. शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळच्या शाळेला न्याहारीबरोबरची गोळी पुरते. दुपारच्या शाळेतल्या मुलाचा तोच डोस घरीच संपतो. संध्याकाळच्या क्लाससाठी दुसरी गोळी दिली तर झोप उडते. डबा न संपता परत येऊ लागला की आजीच्या मनातून औषध उतरते.

त्याहून अवघड प्रश्न साक्षीदाराचा आहे. आईवडील सकाळच्या लोकलने जातात आणि दिवेलागणीनंतर परततात, म्हणजे गोळीचा अंमल चालू असताना मूल त्यांच्यासमोर नसतेच. ते पाहतात अंमल उतरल्यानंतरचे, कधी जास्तच चिडचिडे झालेले मूल, आणि डॉक्टरांना सांगतात की काही फरक नाही. म्हणून कॉनर्स किंवा व्हँडरबिल्ट यांसारख्या प्रश्नावल्या शिक्षकांकडून भरून घ्याव्या लागतात. साठ मुलांचा वर्ग सांभाळणारे शिक्षक त्या किती मनापासून भरतात यावर मात्रेचा निर्णय टांगलेला असतो. दर बदलाला नवी चिठ्ठी, दर चिठ्ठीला नवी फी. मात्रा हवी त्यापेक्षा खालीच थांबण्याचे कारण पुष्कळदा वैद्यकीय नसते. आठवड्या-आठवड्याचे फॉलोअप परवडत नाहीत.

ॲटोमोक्सेटिनने ही कोंडी काहीशी फोडली. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध उत्तेजक नाही. ते शेड्यूल एक्समध्ये येत नाही. ॲक्सेप्टा किंवा ॲटेन्ट्रॉल ही नावे साध्या चिठ्ठीवर नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळू शकतात. सुरुवात दर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमने, लक्ष्य सुमारे १.२ मिलिग्रॅम. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात आणि सरासरीने तो मिथाइलफेनिडेटपेक्षा सौम्य असतो. रक्तदाबाचे जुने औषध क्लोनिडिनही काही मुलांना दिले जाते. कोणते औषध आधी द्यायचे हे पुस्तकाप्रमाणे रुग्णावरून ठरावे. व्यवहारात ते जवळच्या दुकानात काय मिळते यावरूनही ठरते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरमधून झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात तपासायच्या विकारांत एडीएचडीचे नाव आहे. त्याच वर्षी अमेरिकी वर्गीकरणाने लक्षणे सात वर्षांऐवजी बारा वर्षांपूर्वी दिसली तरी चालतील असे ठरवले आणि प्रौढांसाठी निकष सैल केले. त्यानंतर मुलाची फाईल घेऊन आलेल्या पालकालाच आपले लहानपण ओळखू येऊ लागले. प्रौढांसाठी १८ किंवा ३६ मिलिग्रॅमच्या, दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या सोयीच्या, पण महागही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला सांगितले. तरी बहुतेक पॉलिसी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देतात आणि एडीएचडीचा रुग्ण दाखल होत नाही.

मार्च २०२० मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सर्दी-तापापासून नैराश्यापर्यंत फोनवर चिठ्ठी देता येऊ लागली. शेड्यूल एक्सची औषधे मात्र स्पष्टपणे वगळली होती. लोकल बंद, सामान्य प्रवाशांसाठी ती १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत उघडली नाही. ठाण्याच्या डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या बदलापूर-अंबरनाथच्या कुटुंबांपुढे गोळी थांबवणे किंवा ॲटोमोक्सेटिनवर जाणे हेच मार्ग उरले. ऑनलाइन शाळेसमोर मुलाला बसवायचे होते नेमके त्याच महिन्यांत.

गैरवापर रोखण्याचा हेतू चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१९ आणि २०२१ मध्ये मिथाइलफेनिडेटला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलेले नाही. पण ओळखीच्या, नियमित रुग्णाची ठरलेली मात्रा चालू ठेवणे आणि नव्याने औषध सुरू करणे या दोन गोष्टींना एकच नियम लावणे गैरसोयीचे ठरले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. मिथाइलफेनिडेटसाठी डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष जाणे अजून चुकलेले नाही.