मैदान कुणाचे? मुंबईच्या मोकळ्या जागांचा विसरलेला इतिहास

दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की दादरच्या शिवाजी पार्कची काळजी वाहणारे अचानक वाढतात. मैदान खराब होते, मुलांना खेळता येत नाही, सकाळचा फेरफटका चुकतो, अशी ओरड सुरू होते. राजकीय सभांबद्दलही तिथे तक्रारी होतात, नाही असे नाही. पण त्या तक्रारींत "हे लोक" हा शब्द नसतो. आमच्या वेळी तो हमखास असतो.

"हे लोक" म्हणजे कोण? चैत्यभूमीवर अभिवादनाला आलेली कुटुंबे. डोक्यावर गाठोडे घेतलेली आजी, कडेवर लेकरू घेतलेली आई, पुस्तकांच्या स्टॉलसमोर रेंगाळणारा कॉलेजचा मुलगा. मैदान कुटुंबांसाठी असते म्हणता, मग ही कुटुंबे नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मुंबईच्या मैदानांचा इतिहास उलगडावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोर्टबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. गोऱ्या साहेबांना तिथेच पोलो खेळायचा असे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडून जाई. नेटिव्ह खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, वर्षानुवर्षे भांडण चालले. पुढे समुद्राच्या कडेला पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना स्वतंत्र जागा मिळाल्या. प्रत्येक समाजाचे कुंपण वेगळे. अस्पृश्यांसाठी कुठलेच कुंपण नव्हते, कारण मागणाऱ्यांच्या यादीत ते धरलेलेच नव्हते.

पळवणकर बाळू यांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करायचा. रोलर फिरवायचा, नेट लावायचा, साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. बॅट मात्र त्याच्या हाती दिली जात नसे. पुढे युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा, पण चहाच्या वेळी बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. आमचे त्यांच्याशी राजकीय मतभेद आहेतच. पण मैदान कसायला अस्पृश्य चालतो आणि मैदानाचा मालक म्हणून चालत नाही, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

दुसरा इतिहास चाळींचा आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसे. अशा घरात लहान मूल खेळणार कुठे? म्हातारा माणूस बसणार कुठे? चाळीसमोरचे मैदान हीच त्या घराची दुसरी खोली होती. तिथेच क्रिकेट, तिथेच लग्न, तिथेच जयंती आणि तिथेच सभा. ७ नोव्हेंबर १९३८ च्या कामगार संपात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट नेते परळच्या कामगार मैदानावर एकत्र आले. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या आंबेडकर मैदानावरच्या दलित पँथरच्या सभेवर दगड पडले आणि वरळी पेटली. पाच दिवसांनी परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. मैदान म्हणजे आमच्यासाठी शोभेची हिरवळ कधीच नव्हती.

आता कायद्याकडे पाहू. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने होते. बागा आणि मैदाने नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी दादरच्या माहीम पार्कला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. राज्यघटनेने पुढे कलम १५(२) मध्ये ही यादी रुंदावली. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या जोडीला सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. सरकारी पैशाने राखलेल्या वा जनतेसाठी सोडलेल्या जागेवर जात, धर्म, लिंग वा जन्मस्थान पाहून कुणालाही अडवता येणार नाही. महाडचा प्रश्न तहानेचा नव्हता, 'सार्वजनिक' या शब्दात आपण मोजले जातो की नाही, याचा होता. बागेच्या फाटकावरही तोच प्रश्न आहे.

आज जात कुणी विचारत नाही, असे म्हणतात. आम्ही वस्तीतल्या मुलांना घेऊन रविवारी एका उद्यानात गेलो होतो. रखवालदाराने विचारले, "कुठे राहता?" वस्तीचे नाव सांगितल्यावर उत्तर आले, "इथे फक्त चालायला परवानगी आहे, खेळायला नाही." आत घसरगुंडीवर दुसरी मुले खेळत होती. आमच्या मुलांनी ते पाहिले. आम्ही त्यांना समजावून काय सांगणार होतो? शेवटी भांडून आत गेलो, पण मुले त्या दिवशी मनमोकळी खेळली नाहीत.

अनेक उद्याने दुपारी बंद असतात. घरकाम करून रात्री आठला परतणाऱ्या आईने लेकराला बागेत न्यायचे कधी? काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सभासदत्वाची फी हेच नवे कुंपण झाले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा खाजगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले. नागरिकांनी विरोध केल्यावर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. त्या लढ्यात मध्यमवर्गीय नागरिक पुढे होते, हे आम्ही मान्य करतो. पण वस्तीतला माणूस त्या बैठकांत किती होता, हाही प्रश्न आहे. आता बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. घर मोठे मिळते, आनंदच आहे. मात्र पोडियमवरची बाग सोसायटीची असते, मैदान सगळ्यांचे असते. हा फरक करारावर सही करताना विसरू नका.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. आपल्या वॉर्डाच्या विकास आराखड्यात किती मैदाने राखीव आहेत ते तपासा. त्यावर आज काय उभे आहे, ते जाऊन बघा. उद्यानांची वेळ रात्रीपर्यंत वाढवा, अशी लेखी मागणी करा. "खेळण्यास मनाई" हा फलक कोणत्या ठरावाने लागला, ते माहिती अधिकारात विचारा. जयंतीची वर्गणी गोळा करणारे हात या कामालाही लागू द्या. बाबासाहेबांनी तळे मोकळे करून दिले. फाटक उघडायचे काम आपल्यावर आहे.

जय भीम.