दान की हक्क?
आता साताऱ्याकडे येऊ. फौजींचा जिल्हा आपला. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. सैनिकाला पाय देणं हे सरकारचं कर्तव्य, एवढं तेव्हाच मान्य झालं. पण गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेल्या वाळव्याच्या मजुराचं काय? वाळवा तेव्हा साताऱ्यात, आज सांगलीत. त्याच्या वाट्याला देणगी, पुढे शिबिर. केंद्र सरकारची साहाय्य योजना आली 1981 मध्ये. पण ती योजना, कायदा नव्हे.

1995 मध्ये जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले, संसदेने अपंग व्यक्ती कायदा केला. कलम 42 ने उपकरणांसाठी योजना करणं सरकारवर बंधनकारक केलं. 2016 च्या कायद्याने ठरावीक उत्पन्नमर्यादेत ती मोफत देण्याचं म्हटलं. मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पुस्तीही जोडली. तिथेच हक्काचं पुन्हा दान होऊ शकतं. दात्याला जाब विचारता येत नाही, सरकारला येतो.

आणि पाय एकदा देऊन भागत नाही. मूल वाढतं, सॉकेट सैल होतं, गुडघ्याचा सांधा झिजतो. म्हणून आपली मागणी नेमकी हवी: दुरुस्ती जिल्ह्यातच, आणि कायद्याने.