अद्भुतरम्य कादंबरी आणि मराठी वाचकाची सुटी

मराठी कादंबरीच्या आरंभकाळी वाचकांना भुरळ पडली ती अद्भुतरम्य कथेची, म्हणजे राजपुत्र आणि राजकन्येची ताटातूट, कपटी प्रधानाची कारस्थाने, थक्क करणारे योगायोग आणि अखेरचे सुखद मीलन अशा घडणीच्या रचनेची. विधवांच्या दुःस्थितीवरील बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच निघाले होते. तरीही पुढची दोन दशके गाजली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ची (१८६१) परंपरा. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत या ओढीचे कारण मोकळेपणाने मांडले असून, बालविवाहादी रूढींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे; मराठी साहित्यविचारातील हा अत्यंत प्रामाणिक कबुलीजबाब मानावा लागेल. हरिभाऊ आपट्यांनी पुढे वास्तवाची वाट रुळवली, तरी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने जुनी गोडी टिकवली, आणि ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या संस्थांमुळे, पुस्तक विकत न घेताही, वर्गणीदार कुटुंबांना अशा कथा सुटीत घरी नेता येऊ लागल्या. मुलांच्या वाट्याला हे अद्भुत १९५२ पासून मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’तून आले, ज्यातील विक्रमराजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघे, त्यातल्या वेताळाच्या प्रश्नाला उत्तर देऊन मौन मोडे आणि पुढच्या अंकात पुन्हा त्याच झाडापाशी येई.